अपोलो सेमाकुला उडून गेले

१. निधनवार्ता

आमच्या केंद्राने निधनवार्तांमध्ये आमच्याच संचालकांना मारलं, तेव्हा संचालक घरी दाढी करत होते.

त्या दिवशी ड्यूटी ऑफिसर मी होतो. म्हणजे दिवसभरात जे बिघडेल त्याचा धनी मीच. रेडिओ एग्वांगावर गाणी नसतात, नुसतं बोलणं असतं. पहाटे प्रार्थना, मग शेती, निधनवार्ता, सल्ला, चर्चा, श्रुतिका आणि मधूनमधून बातम्या. यात निधनवार्तांना सगळ्यात जास्त ऐकणारे. कोण गेलं आणि माती कुठे आहे, हे आमच्याकडून ऐकल्याशिवाय अर्धा देश चहा ओतत नाही. मी काचेमागे कंट्रोल रूममध्ये उकडलेला कसावा खात होतो, आणि काचेपलीकडे एस्तेरी नाम्बोझे वाचत होती. पोरगी नवी, पण तिचा आवाज ऐकून मयताच्या घरच्यांनाही जरा बरं वाटत असेल.

"कांपालाचे अपोलो सेमाकुला उडून गेले आहेत," ती वाचत होती. "माती आज उन्हं उतरल्यावर बुलेमेझीतल्या कासोझी गावी, वाडवडिलांच्या जागेत. नातलगांनी आणि आप्तांनी यावे."

कसावा माझ्या घशात अडकला. नाम्बोझेने मात्र पुढची चिठ्ठी उचललीसुद्धा होती.

पहिला फोन शहरातल्याच मेंगोच्या एका म्हाताऱ्याचा आला. "उडून गेले काय म्हणता? तुमच्या पोरींना धड बोलायला कोण शिकवतं?" मी "हो आजोबा" म्हणून फोन ठेवला. दुसरा फोन आला तेव्हा मी उभा राहिलो.

"अमूती," संचालक म्हणाले, "मी मेलोय का?"

"नाही, साहेब."

"मग त्या मुलीला बाहेर काढ. आणि ती टेप पुसून टाक. ताबडतोब."

मुलीला बाहेर काढलं. टेप पुसायची मात्र राहिली, कारण तेवढ्यात केंद्रातले सगळे फोन एकदम वाजायला लागले होते.

अर्ध्या तासात साहेब हजर झाले, एका गालावर साबण तसाच, आणि बरोबर पोलीस शिपाई. त्यांनी मला खंडन लिहून घ्यायला लावलं. "लिही. सेमाकुला जिवंत आहेत. ते कासोझीचे नाहीत, मेंगोचे आहेत. नावाआधी ‘डॉक्टर’ लावायचं राहिलं आहे. आणि वाडवडिलांची जागा कसली? मी तारण झालेला ख्रिस्ती माणूस आहे, माझी माती चर्चच्या आवारातच होईल." साहेबांची भक्ती सगळ्यांना ठाऊक होती. ते आल्यापासून केंद्रातल्या ढोलाच्या तालावर सांगायच्या जुन्या गोष्टींच्या कार्यक्रमांवर एकेक करून कुऱ्हाड पडत होती.

मग ते नाम्बोझेकडे वळले. "कुणी लिहून दिलं?"

"माहीत नाही, साहेब. ट्रेमध्ये होतं."

"चिठ्ठी कुठे आहे?"

"फाडली." आमच्याकडे रीतच आहे, वाचून झालेली चिठ्ठी लगेच फाडायची, म्हणजे एकाच माणसाला दोनदा मारलं जात नाही.

"बरं जमलं," साहेब म्हणाले. "अमूती, दोनच्या बातम्यांआधी ज्याने हे केलं त्याला माझ्यासमोर आण. नाहीतर ही मुलगी या शिपायाबरोबर जाईल, खोटी बातमी पसरवल्याबद्दल."

नाम्बोझेचे ओठ पांढरे पडले. तो गुन्हा एकदा नावावर लागला की रेडिओ सोडाच, शाळेच्या स्नेहसंमेलनातही कुणी माइक हातात देत नाही. शिपाई रिसेप्शनला खुर्ची ओढून बसला आणि त्याने आमच्याकडेच चहा मागितला.

२. सेंगांचा तास

मला तपास करता येत नाही. मी फोर्ट पोर्टलचा, लुगांडा भाषा पोटासाठी शिकलेला. माणसांच्या मनात शिरणं हे काम माझं नव्हे. ते काम आमच्या इमारतीत एकाच बाईला येतं, आणि ती तेव्हा ऑन-एअरच्या लाल दिव्याखाली बसून एका नवऱ्याची कानउघाडणी करत होती.

सेंगा म्हणजे आत्या. लग्नाआधी मुलीला संसाराच्या चार गोष्टी आत्याने सांगायच्या असतात. ज्यांच्या आत्या वारल्या, रुसल्या किंवा लंडनला जाऊन बसल्या, त्यांच्यासाठी रेडिओवर आमची सेंगा नालुमान्सी आहे. बाई धिप्पाड, हसणं गडगडाटी. तिच्यापुढे माणूस खोटं बोलायला लागला की ती नुसती "हं" म्हणते, आणि तो खरं बोलून मोकळा होतो.

"सेंगा," फोनवर एक बाई सांगत होती, "मला आधीची जुळी आहेत. आता तिसरं झालं. नवरा म्हणतो ट्रेव्हर ठेवू, आणि सासूने बोलणं टाकलंय."

"टाकणारच! जुळ्यांच्या पाठीवर आलेलं मूल किझा, मुलगा असो नाहीतर मुलगी. ते नाव आपण ठेवत नाही गं, ते घेऊनच येतं. ट्रेव्हर कुत्र्याला ठेवा."

कार्यक्रम संपल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती उठली ती थेट नाम्बोझेकडे गेली. पोरगी रेकॉर्डिंगच्या लहान खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"एक सांग, बाळा. नाव वाचताना तुला डायरेक्टर आठवले नाहीत?"

"आठवले, सेंगा. पण लगेच वाटलं, हे ते नव्हेत."

"का?"

"कारण चिठ्ठीत ‘उडून गेले’ असं होतं. आपल्यात जुळा मेला असं म्हणत नाहीत ना. जुळा उडून जातो. आणि साहेब तर जुळे नाहीत. म्हटलं, असेल दुसरा कुणी अपोलो सेमाकुला." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "हे मी साहेबांनाही सांगायला गेले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे मेंगोचा म्हातारा जुळ्यांच्या या शब्दावरूनच भांडत होता.

"सोपं आहे," मी म्हणालो. "तिला फसवायलाच तो शब्द घातला. तिने थांबू नये म्हणून."

"इतकी अक्कल असलेला माणूस गंमत म्हणून असली चिठ्ठी लिहील?" सेंगा म्हणाली. "अमूती, टेप पुसलीस का?"

"नाही."

"देव तुझं भलं करो. लाव."

तिने ती दोनदा ऐकली, डोळे मिटून. मग म्हणाली, "तीन हातांतून चिठ्ठ्या जातात ना? मला ते तिन्ही हात हवेत. आणि आणखी एक. मृत्युवार्तेत नातेवाइकांची रांग असते, कोण मुलगा, कोण भाऊ, कोण जावई. लोक भांडतात त्यावरून. या चिठ्ठीत एकही नातेवाईक नाही."

"कारण माणूस खोटा."

"किंवा लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव त्यात लिहावं लागलं असतं."

३. शेतीवाडी

निधनवार्तांची चिठ्ठी आमच्याकडे अशी चालते. खिडकीवर टाबिसा किझा लोकांकडून मजकूर घेते आणि स्वच्छ अक्षरात उतरवते. उपसंचालक ओकेलो त्याखाली सही करतात. मग शेतीचा कार्यक्रम करणारे म्हातारे किबिरिगे स्टुडिओत जाताना सगळा गठ्ठा नेऊन नाम्बोझेच्या ट्रेमध्ये ठेवतात, कारण निधनवार्ता त्यांच्या पाठोपाठ त्याच स्टुडिओतून जातात.

माझा संशय पहिल्यापासून ओकेलोंवर होता. संचालक गेले की त्यांची खुर्ची कुणाला? ओकेलोंना. सेंगा म्हणाली, खुर्चीसाठी मारायचं तर खरं मारतात, रेडिओवर मारत नाहीत. पण किबिरिगे आधी भेटले.

ते श्रुतिकेच्या स्टुडिओत बसले होते, कारण तिथे पंखा चालतो. मागे एक नट वाळूच्या ट्रेमध्ये पाय आपटून चोराच्या चालण्याचा आवाज काढत होता.

"या, या! मला पकडायला आलात?" किबिरिगे म्हणाले. "हेतू तर माझ्याकडे भरपूर आहे. पुढच्या महिन्यापासून माझ्या केळींच्या जागी प्रवचनं येणार. साहेबांना मी रोज मनातल्या मनात मारतो."

"चिठ्ठी वाचली होतीत?" सेंगाने विचारलं.

"मी परक्यांची मढी वाचत नाही."

"आणि लिहिली असती तर?"

"मी? जो जुळा नाही त्याला मी उडवला असता?" म्हातारा खरोखर दुखावला होता. "बाई, माझ्या कार्यक्रमात मी ‘बटाट्याची पिल्लं’ म्हणणाऱ्या शेतकी अधिकाऱ्याला माइकवर दुरुस्त केलंय. शब्द चुकीचा वापरण्यापेक्षा मी तुरुंगात जाईन."

"हं," सेंगा म्हणाली. ती थांबली, पण म्हाताऱ्याकडे आणखी काही नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हा नाही. लिहिणाऱ्याच्या मते साहेब जुळे आहेत. याच्या मते नाहीत, आणि मग हा तो शब्द लिहिणार नाही. जीव गेला तरी."

"साहेब जुळे आहेत?" मी जागच्या जागी थांबलो. "ते तर एकुलते आहेत. दर नाताळला भाषणात सांगतात."

"मी म्हटलं का, की आहेत? मी म्हटलं, लिहिणाऱ्याला तसं वाटतं. आता चल तुझ्या लाडक्या ओकेलोकडे."

ओकेलो गुलूचे, उत्तरेकडचे. उंच, सरळ माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कबूलच केलं की ते न वाचता सह्या करतात. "लुगांडा मला बाजारापुरती येते, सेंगा. कुणी मेलं की रडायचं, एवढं कळतं. मेलेला कसा मेला, चालत की उडत, ते मला काय ठाऊक?"

"तुमच्याकडे जुळ्यांचं काही असतं का?"

"असतं की. मोठा ओपियो, धाकटा ओचेन. आणि त्यांच्या पाठीवर जो येतो, तो..." ते हसले. "तो ओकेलो. मी."

जुळ्यांच्या पाठीवरचा भाऊ आमच्या समोर बसला होता, साहेबांच्या बरोबर खालच्या खुर्चीत. दाराबाहेर शिपाई घड्याळ बघत आळस देत होता.

४. खिडकी

"मग तुमच्या वरचे ते दोघं कुठे असतात?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"ओपियो ट्रक चालवतो. ओचेन मास्तर आहे. दोघं मेलेले नाहीत, तुम्ही मारू नका." ओकेलोंनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "लावा. ओचेन या वेळी शाळेतच असतो."

फोन लावला. ओचेन शाळेत होता. त्याने मला ओकेलोच्या लहानपणीच्या तीन चोऱ्या सांगितल्या, आणि मी तोंड पाडून फोन ठेवला.

सेंगा मात्र खूश होती. "तुमच्याकडे ओकेलो," ती पुटपुटली. "आणि आमच्याकडे?" ती माझ्याकडे वळली. "सकाळी ती ट्रेव्हरवाली बाई. काय सांगितलं मी तिला?"

मी आठवलं. किझा. टाबिसा किझा. आणि सकाळी मीच खिडकीजवळ थांबून टाबिसाची थट्टा केली होती. रोज काळा स्कर्ट घालणारी टाबिसा आज पायघोळ गोमेसी नेसून, कमरेला पट्टा बांधून आली होती. मी विचारलं, लग्नाला निघालीस का? ती म्हणाली, नात्यात कार्यक्रम आहे, संध्याकाळी जायचंय. आमच्याकडे बायका गोमेसी लग्नालाही नेसतात आणि मातीलाही. मला आपलं लग्नच सुचलं होतं.

टाबिसा किझा खिडकीवर एका म्हातारीकडून मजकूर लिहून घेत होती. साहेब आले तेव्हापासून ती केंद्रात आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. म्हातारी जाईपर्यंत सेंगा गप्प उभी राहिली.

"टाबिसा, आज जेवली नाहीस का? डबा बंदच दिसतो."

"भूक नाही, सेंगा."

"आईची काळजी वाटते का? नालोंगो कशा आहेत?"

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. ते नाव नव्हे, मान आहे. आई जुळ्यांची नसती तर टाबिसाने लगेच हसून ‘नाही हो’ म्हटलं असतं.

"तिचं काय आता," टाबिसा म्हणाली, "रात्रभर त्याच्या उशाशी..." आणि ती थांबली.

"कुणाच्या?"

टाबिसाने पेनाला टोपण लावलं. नाम्बोझे कधी आमच्या मागे येऊन उभी राहिली, मला कळलं नाही.

"ती चिठ्ठी तुझी," सेंगा हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्या वरचे जुळे कोण, टाबिसा?"

"मी सांगणार नाही. सांगायचं तर त्याने सांगावं. सकाळपासून मी तेवढ्याचीच वाट बघतेय."

"आणि माझं काय, ताई?" नाम्बोझे म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणूनच जास्त लागलं. "तुम्ही वाट बघताय, आणि शिपाई माझी वाट बघतोय. तुम्ही सकाळी मला चहा दिलात. तेव्हाही माहीत होतं तुम्हाला."

टाबिसा टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. दोनच्या बातम्यांना फार वेळ उरला नव्हता.

५. चर्चा

साहेबांच्या खोलीत दुपारची चर्चा स्पीकरवर चालू होती. कुणी तरी रस्त्यांच्या खड्ड्यांवर तावातावाने बोलत होतं. सेंगाने न विचारता आवाज बंद केला. शिपायाला मी दाराबाहेर थांबवलं.

"सापडला?" साहेबांनी विचारलं.

"सापडला," सेंगा म्हणाली. "पण तुम्हाला तो सकाळीच सापडला होता."

"काय बोलताय, बाई?"

"खंडनात तुम्ही काय काय सांगितलंत, मला अमूतीने दाखवलं. जिवंत आहे, कासोझीचा नाही, डॉक्टर लावा, वाडवडिलांची जागा नको. किबिरिगे कशावर संतापले? ‘उडून गेले’वर. मेंगोच्या म्हाताऱ्याने कशासाठी फोन केला? त्यासाठीच. नाम्बोझेने कशामुळे फसून वाचलं? त्याचमुळे. आपल्या भाषेचा जो कुणी होता, त्याला ते खटकलं. ज्याला उडवलं तो एकटा त्यावर अवाक्षर बोलला नाही, आणि ती पोरगी सांगायला लागली तर तिचंही ऐकलं नाही. उलट म्हणाला, टेप पुसा."

साहेबांनी चष्मा काढला.

"तुम्हाला ते चूक वाटलंच नाही, कारण ते चूक नव्हतं. तुम्ही जुळे आहात. मोठ्याला वास्वा म्हणतात, धाकट्याला काटो. तुमचं जे होतं ते तुम्ही गाळलंत. आणि त्यानंतरची किझा तुमच्याच खिडकीवर बसते. कासोझीला आज माती आहे, ती खोटी नाही. मेलेला माणूस खरा आहे. फक्त नाव बदललं."

"माझा कुणी भाऊ नाही," साहेब म्हणाले. पण हे ते सेंगाला नाही, टेबलाला सांगत होते.

दार उघडलं. टाबिसा आत आली, तिच्यामागे नाम्बोझे. साहेबांनी टाबिसाकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

"काल मी फोन केला होता," टाबिसा म्हणाली. "सांगितलं, काटो गेला. तू म्हणालास, राँग नंबर. मला राँग नंबर म्हणालास, दादा!"

एवढ्या वर्षांत त्या इमारतीत तिने त्यांना साहेब सोडून काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नोकरी देताना त्यांची तीच अट होती, हे पुढे कळलं. काटोने गावात जुळ्यांचं देवघर सांभाळलं, ढोल वाजवले, आणि तारण झालेल्या भावाला त्याची लाज वाटली. वडिलांच्या अंत्यविधीत दोघं हातघाईवर आले. त्या दिवसापासून साहेब एकुलते झाले.

"आई म्हणते, दुसरा आल्याशिवाय माती टाकू देणार नाही," टाबिसा सांगत होती. "काटोची बातमी दिली असती तर तू रेडिओ बंद केला असतास. म्हणून तुझी दिली. म्हटलं, मी मेलो नाही हे सांगायला तरी येशील. आईला सांगून ठेवलं होतं, रेडिओवर काहीही ऐकलंस तरी घाबरू नको. मला वाटलं, तू तडक गावी जाशील. किंवा खिडकीवर येऊन माझी मान धरशील. तू ना गेलास, ना आलास. त्या पोरीला धरलंस."

"मी तुला वाचवत होतो," साहेब म्हणाले.

"मला?" टाबिसा म्हणाली.

शिपायाने दारावर टकटक केली. "साहेब, दोन वाजत आले. कुणाला न्यायचं?"

टाबिसाने कमरेचा पट्टा घट्ट केला. "मला. चला."

६. दोनच्या बातम्या

"थांबा," नाम्बोझे म्हणाली. आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. "यांना नेऊन माझं काय होणार? बाहेर सगळ्या देशाने माझा आवाज ऐकलाय. उद्यापासून मी कुणाचंही मरण वाचलं तर लोक विचारतील, हीच ना ती? साहेब, तुमच्या घरचं तुम्ही बघा. माझं नाव जिथे खराब झालं तिथेच साफ करा."

नव्या पोरीने संचालकांना असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबांनी चष्मा परत चढवला. मग ते उठून चालू लागले, आणि आम्ही त्यांच्या मागून, शिपाईसुद्धा, कप हातात घेऊन.

स्टुडिओत ते नाम्बोझेच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसले. तिने बातम्यांचे कागद पुढ्यात घेतले. मी काचेमागे गेलो. चर्चा संपली, मी लाल दिवा लावला.

"मी या केंद्राचा संचालक बोलतोय," साहेब म्हणाले. आवाज घोगरा होता. "सकाळी एस्तेरी नाम्बोझेने माझी निधनवार्ता वाचली. तिने समोर आलेलं नीट वाचलं. तिची काही चूक नाही. मला ते सकाळीच माहीत होतं आणि मी गप्प बसलो. चूक माझी आहे." ते थांबले. रेडिओवर एवढं गप्प राहणं म्हणजे गुन्हा असतो, पण मी हात हलवला नाही. "गेला तो माझा जुळा भाऊ. काटो. कासोझीच्या लोकांनो, मी निघालोय. आई, मी येईपर्यंत माती टाकू देऊ नकोस."

मग त्यांनी नाम्बोझेला मान लववली आणि बाहेर आले. टाबिसा दारात होती. तिने त्यांचा हात धरला नाही, फक्त त्यांच्या पुढे चालू लागली, गाडीकडे. शिपायाने मला विचारलं, आता कुणालाच न्यायचं नाही का? मी म्हटलं, नाही, चहा संपवा.

नाम्बोझेने बातम्या वाचल्या. एकदाही अडखळली नाही. ती बाहेर आली तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला. कासोझीहून होता, गावातल्या दुकानदाराच्या मोबाइलवरून. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि एक म्हातारा आवाज पुन्हा पुन्हा विचारत होता, रेडिओवर मघाशी कोण बोललं ते सांगा.

"तुमचा मुलगा, आजी," नाम्बोझे म्हणाली.

"आवाज माझ्या काटोचा होता. इथे माणसं दचकून उठली. एक जण चादर उचलून बघायला गेला."

"नाही आजी. तो थोरला. वास्वा."

म्हातारीने मागच्या बायकांना गप्प केलं.

"निघालाय?"

"निघालाय. ताईपण आहेत बरोबर."

"आणि तू कोण? सकाळी वाचणारी तूच ना?"

नाम्बोझेने डोळे मिटले. "हो आजी, मीच. मी चुकीचं नाव वाचलं."

"चूक कसली गं," म्हातारी म्हणाली. "तू वाचलंस म्हणून माझा एक तरी घरी येतोय."